मोटारसायकल, हॅम रेडिओ आणि धर्मादाय सायकल राईड: रेडिओ विकत घेण्याआधी

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात असताना ताम्हिणी, वरंधा करत बुलेट चालवली. आता सॅन होजेला नोकरीला आहे. इथे एक जुनी मोटारसायकल घेतली आणि नुकतंच हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, पहिल्या पायरीचं टेक्निशियन लायसन्सही मिळालं. आमच्या रेडिओ क्लबने मधुमेहासाठी निधी जमवणाऱ्या एका सायकल राईडकरता मोटारसायकलवरून संपर्काचं काम करणारे स्वयंसेवक मागितले आहेत. रेडिओ कोणता घेऊ, अँटेना कुठे बसवू, आणि तिथे नेमकं करायचं काय असतं? पुण्यातले मित्र अशीच राईड काढतात, तिथेही हे जमेल का?"

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो. काम काय असतं ते आधी सांगतो, रेडिओचं नंतर पाहू. रेडिओ आधी घेतला की माणूस त्या रेडिओला शोभेल असं काम शोधत बसतो.

शंभर मैलांची राईड सकाळी सहा-सातला सुटते. पहिला तासभर सगळे घोळक्यात असतात, तेव्हा तुमच्यावाचून कोणाचं काही अडत नाही. दुपारी बाराच्या सुमाराला चित्र वेगळं असतं. पुढचे लोक जेवणाचा थांबा सोडून परतीला लागलेले असतात आणि शेवटचे दोघं-तिघं अजून दुसऱ्या चढावर सायकल हातात धरून चालत असतात. मधल्या तीस-चाळीस मैलांवर माणसं विखुरलेली. दर पंधरा-वीस मैलांवर पाणी, केळी आणि शौचालयाचा थांबा असतो आणि तिथे बहुतेकदा एक हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, बसलेला असतो. थकलेल्यांना उचलायला सॅगच्या, म्हणजे राईडच्या मदतपथकाच्या, व्हॅन फिरत असतात. पण दोन थांब्यांच्या मधे काय चाललंय ते आयोजकांना कळत नाही. अरुंद, कडेला पट्टी नसलेल्या रस्त्यावर व्हॅन सायकलींच्या रांगेमागे अडकते, तिला वळायला जागा मिळत नाही, थांबली तर तीच धोका होते. मोटारसायकल अशा ठिकाणी सहज जाते, हातभर जागेत उभी राहते आणि मागे फिरून परत येते. दोन थांब्यांच्या मधली ही जागा तुमची. तिथे काय घडतंय ते पाहायचं, कुठे घडतंय ते सांगायचं, आणि सांगून झालं की गप्प बसायचं. या तिघांत शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

फोन असताना रेडिओ कशाला, हे तुम्हाला घरीही विचारतील. सॅन मतेओच्या किनाऱ्याकडे, पेस्काडेरो, सॅन ग्रेगोरिओ, ला होंडा या भागात, फोन कधी लागतो कधी नाही, हे एक कारण. पण टॉवर वाढताहेत, 2022 च्या अखेरीपासून काही फोनवरून उपग्रहामार्फत मदतही मागता येते, म्हणजे हे कारण दरवर्षी थोडं लंगडं पडत जाणार. खरं कारण वेगळं आहे. फोनवर दोघंच बोलतात, रेडिओवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. "थांबा तीनजवळ रस्त्यावर खडी आलीय" हे एकदा सांगितलं की सॅगच्या चालकाला, पुढच्या थांब्यावरच्या माणसाला आणि बाकीच्या मोटारसायकलवाल्यांना एकाच वेळी कळतं. वीस जणांना वीस फोन करावे लागत नाहीत. गर्दीत फोनचं जाळं तुंबतं ही गोष्टही आहेच. 15 एप्रिल 2013 ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा मोबाईल लागेनासे झाले होते. शर्यतीच्या मार्गावर हॅम मंडळी आधीपासून नेमून दिलेल्या जागी होती, त्यामुळे निरोप चालू राहिले.

आता नेटचं, म्हणजे एका चॅनेलवर शिस्तीने चालणाऱ्या बोलण्याचं, पाहू. चॅनेलवर एक माणूस नियंत्रणाला असतो, त्याला नेट कंट्रोल म्हणतात. त्याच्या शेजारी सहसा सॅगचा प्रमुख आणि वैद्यकीय पथकाचं कोणीतरी असतं. जे काही बोलायचं ते त्याला हाक मारून. दुसऱ्या मोटारसायकलवाल्याशी थेट बोलायचं असेल तरी आधी त्याची परवानगी. तुम्हाला "मोटो थ्री" असं कामापुरतं नाव मिळेल. दिवसभर हाक त्याच नावाने होते, पण नियमाप्रमाणे दर 10 मिनिटांनी आणि बोलणं संपताना स्वतःचा कॉल साईन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली ओळखीची अक्षरं, सांगावाच लागतो. सोपी सवय ही की प्रत्येक निरोपाचा शेवट कॉल साईनने करायचा, मग घड्याळाकडे पाहावं लागत नाही. (अमेरिकन नियमात बोलताना कॉल साईन इंग्रजीतून सांगायचा एवढीच अट आहे, बाकी गप्पा मराठीत मारायला कोणाची ना नाही. राईडच्या नेटवर अर्थात इंग्रजीच.)

निरोप कसा द्यावा हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळा घोळ इथे होतो.

ट्युनिटास क्रीक रोड तुम्ही अजून केला नसेल तर करून या. हायवे 1 पासून वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाईन रस्त्यापर्यंत चढणारा, रेडवूडच्या दाट झाडीतून जाणारा अरुंद रस्ता. सायकलवाल्यांचा लाडका. एका राईडमध्ये तिथे एक बाई वळणावर सुक्या पानांवरून घसरून पडल्या. पहिला निरोप आला तो असा: "ट्युनिटास क्रीकवर ॲक्सिडेंट झालाय, झाडीत, ओढ्याजवळ." आता तो सगळा रस्ताच झाडीतून आणि ओढ्याकाठाने जातो. व्हॅन खालून पाठवायची की वरच्या टोकाकडून, हेसुद्धा त्या वाक्यातून कळत नव्हतं. त्या दिवशीच्या नेट कंट्रोल बाई अनुभवी होत्या. त्यांनी "नक्की कुठे?" असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "शेजारी कोणी सायकलस्वार थांबलाय का? त्याच्या मीटरवर मागच्या थांब्यापासून किती मैल झालेत ते वाचून सांगा." अर्ध्या मिनिटात आकडा आला, नकाशावर बोट ठेवता आलं आणि व्हॅन बरोबर बाजूने निघाली.

ही युक्ती लक्षात ठेवा. प्रत्येक सायकलवर मीटर असतो आणि सायकलस्वाराला आपले मैल तोंडपाठ असतात. राज्य महामार्गावर असाल, म्हणजे 1, 35 किंवा 84 वर, तर कडेला छोट्या पांढऱ्या पाट्या दिसतात, त्यांवर काउंटीची अक्षरं, रस्त्याचा क्रमांक आणि मैल लिहिलेले असतात. सॅन मतेओ काउंटीसाठी 'एसएम'. गाडी चालवताना त्या नजरेस पडत नाहीत, पण शोधायची सवय लागली की सतत दिसू लागतात. ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही ती भाषा कळते.

चांगला निरोप मराठीत मांडला तर असा दिसेल: "मोटो थ्री, तातडीचं. सायकलस्वार क्रमांक 412, पडला आहे, शुद्धीवर आहे, उजवा खांदा हलवता येत नाही. ट्युनिटास क्रीक रोड, चढाची दिशा, थांबा दोनपासून 4.6 मैल. ॲम्ब्युलन्स हवी. इथून 911 लागत नाही." मग बटण सोडायचं आणि समोरून तो निरोप परत वाचून दाखवला जाईल तो ऐकायचा. शेवटचं वाक्य विसरू नका. 911 ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, कोणी फोन केला आणि कोणी नाही, यावर हमखास गोंधळ होतो. सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने केला असेल.

सायकलस्वाराचं नाव रेडिओवर घेऊ नका, क्रमांकच सांगा. हॅमचे चॅनेल कोणीही ऐकू शकतं आणि अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला नियमानेच बंदी आहे. त्या सायकलस्वाराच्या घरच्यांपैकी कोणी रेडिओ स्कॅनर लावून बसलेलं असू शकतं. दुखापत गंभीर असेल तर नेट कंट्रोलला "मला फोनवर गाठा" किंवा "वैद्यकीय प्रमुखाला इकडे पाठवा" एवढंच सांगा, तपशील हवेत सोडू नका.

आणि हे सगळं बोलायचं ते गाडी थांबवून. वळणावळणाच्या रस्त्यावर, सायकलींच्या मधून जाताना, हेल्मेटमधल्या आवाजात निरोप जुळवत बसणं मला मान्य नाही, मग तुम्ही कितीही वर्षं बुलेट चालवलेली असो. चालत्या गाडीवर फक्त ऐका. हाक आली तर "मोटो थ्री, एक मिनिट थांबा" एवढं म्हणा. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टँक बॅगवरच्या कागदावर क्रमांक आणि मैल लिहा, मग बटण दाबा. यात अर्धं मिनिट जातं. हेच तुम्ही चालत्या गाडीवरून बोललात तर वाऱ्याच्या आवाजात निम्मे शब्द जातात आणि तोच निरोप तीनदा सांगावा लागतो.

अपघाताच्या जागी पहिलं काम निरोपाचं नसतं. जागा सुरक्षित करण्याचं असतं. मोटारसायकल पडलेल्या माणसाजवळ लावू नका. मागून येणाऱ्या मोटारीला वळणाच्या आधीच दिसेल अशी, थोडी मागे, सगळे दिवे लुकलुकत ठेवून लावा. भडक रंगाचं जॅकेट अंगात हवंच. मात्र रस्त्यात उभं राहून वाहतूक अडवू नका, तो अधिकार पोलिसांचा आहे आणि स्वयंसेवकाने तसं केलं तर उद्या त्याची जबाबदारी त्याच्यावरच येऊ शकते. प्रथमोपचार आणि सीपीआरचा वर्ग करून घ्या, एक शनिवार जातो. तो नसेल तर हेल्मेट काढायचं नाही, माणूस हलवायचा नाही, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

सायकलींमध्ये मोटारसायकल चालवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि घाटात गाडी चालवण्याचा तुमचा अनुभव इथे अर्धाच कामी येईल. चढावर त्यांच्या मागे मागे ताशी 10-12 किलोमीटरने जाऊ नका. इंजिन तापतं, क्लच जळतो आणि त्यांच्या नाकात धूर जातो. त्यापेक्षा पुढे जा, चांगली जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा, घोळका जाऊ द्या, क्रमांक आणि चेहरे बघा, मग पुन्हा पुढे. कोणी लाल चेहऱ्याने, घाम न येता, तिरकं तिरकं सायकल चालवत असेल तर बोलवून पाणी द्या. उष्माघात आधी चेहऱ्यावर दिसतो. उतारावर त्यांच्या पुढे राहायचा मोह टाळा. वळणात ते तुमच्याहून वेगाने येतात आणि तुमच्या ब्रेकच्या दिव्याने त्यांची लय बिघडते. मागून हॉर्न वाजवणं हा तर गुन्हाच समजा. ओलांडताना अख्खी पलीकडची लेन मोकळी दिसेल तेव्हाच ओलांडा, नाहीतर थांबा.

आता तुम्ही ज्याची वाट पाहताय तो भाग, सामान.

पहिल्या राईडला 50 वॅटचा, गाडीवर बसवायचा मोबाईल रेडिओ घेऊ नका. हातातला 5 वॅटचा संच पुरतो, मात्र त्याची रबरी अँटेना वापरू नका. जॅकेटच्या खिशात ठेवलेला संच आणि कमरेला टेकलेली रबरी अँटेना म्हणजे निम्मी ताकद तुमच्याच शरीराला. संच टँक बॅगमध्ये ठेवा, केबल सीटखालून मागे न्या आणि अँटेना मागच्या कॅरिअरवर किंवा टॉप बॉक्सच्या पट्टीवर बसवा. हातातल्या संचाचं अँटेनाचं तोंड फार नाजूक असतं, जाड केबल थेट लावली तर खडबडीत रस्त्यावर ते तुटतं. मधे हातभर पातळ, लवचीक केबल जोडा.

2 मीटर या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यासाठी लोक पाव तरंगलांबीची, साधारण 49 सेंटीमीटरची अँटेना घेतात. मोटारीच्या पत्र्याच्या टपावर ती उत्तम चालते, कारण तिला खाली धातूचा पसारा लागतो. मोटारसायकलच्या मागे असतं प्लास्टिक आणि चार नळ्या. म्हणून तिथे अर्ध्या तरंगलांबीची, मीटरभर लांब अँटेना घ्या, तिला खालचा पत्रा लागत नाही. लांब आहे, डुलते, फांद्यांना लागते, गॅरेजच्या दाराला हमखास लागते. पण चालते. वर एखादं पिवळं फडकं बांधलं तर मागच्या मोटारीलाही तुम्ही दिसता.

पुढे मोठा संच बसवालच, तेव्हा दोन हिशेब करा. एक विजेचा: 50 वॅटचा संच बोलताना साधारण 10 अँपिअर ओढतो, म्हणजे 13.8 व्होल्टला सुमारे 140 वॅट. मोठ्या टुरिंग गाडीचा ऑल्टरनेटर हे हसत देतो. लहान गाडी आयडलला असताना हेडलाईट आणि गरम हँडल-ग्रिप चालू ठेवून नाही देत. आणि तुम्ही बोलणार नेमके थांबलेले असताना. वायर थेट बॅटरीवरून घ्या, दोन्ही वायरना बॅटरीजवळ फ्यूज, आणि जोडणीला अँडरसन पॉवरपोल कनेक्टर. इथल्या बहुतेक आपत्कालीन गटांची तीच पद्धत आहे, त्यामुळे अडचणीत कोणाचीही बॅटरी तुमच्या संचाला लागते. दुसरा हिशेब तुमच्या पाठीचा. अँटेना तुमच्यापासून दीड-दोन फुटांवर असणार, आणि 30 ते 300 मेगाहर्ट्झमध्ये शरीर रेडिओलहरी सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून मर्यादाही तिथेच सगळ्यात कडक आहेत. 2021 पासून अमेरिकेत हॅम लोकांनाही शरीरावर पडणाऱ्या या लहरींचा हिशेब स्वतः मांडून पाहावा लागतो. मी 10-20 वॅटच्या वर क्वचित जातो. ज्या दरीतून 20 वॅटने रिपीटर (उंचावरून आपला आवाज पुढे पाठवणारं केंद्र) उघडत नाही तिथे 50 नेही बहुतेक वेळा उघडत नाही. डोंगर आडवा आला की ताकद वाढवण्यापेक्षा जागा बदलणं शहाणपणाचं.

माईकवर पैसे वाचवू नका. ताशी शंभर किलोमीटरला हेल्मेटच्या आत आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. माईक ओठांना जवळजवळ टेकलेला आणि स्पंजच्या टोपीत हवा. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय बंद ठेवा, वारा ती उघडतो आणि मग सगळ्या नेटला तुमचा वारा ऐकू येतो. बोलण्याचं बटण डाव्या हँडलवर, अंगठ्याला सहज लागेल असं बसवा. उजवा हात थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकचा, त्याला दुसरं काम देऊ नका. ब्लूटूथ हेडसेट आणि रेडिओ जोडायचे डबे मिळतात, सेना (Sena) या कंपनीचा त्यात बराच प्रसिद्ध आहे. सोयीचे असतात. मी तरी वायरवालाच वापरतो, कारण त्याची बॅटरी दुपारी तीनला संपत नाही. कोणताही असो, बटण दाबल्यावर मनात "एक" म्हणा आणि मग बोला. रिपीटर उघडायला क्षणभर लागतो, आणि घाई केली की पहिला शब्द, म्हणजे नेमकं तुमचं नाव, कापलं जातं. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकणारे हेडफोन लावून गाडी चालवायला मनाई आहे, म्हणून आवाज एकाच कानात येऊ द्या.

दोन सेटिंग्ज आदल्या रात्रीच करा. कळफलक लॉक, म्हणजे मांडीच्या धक्क्याने फ्रीक्वेन्सी बदलत नाही. आणि टाइम-आउट टायमर एका मिनिटावर. टँक बॅगमध्ये सामानाखाली बटण दबून राहिलं तर तुमच्या इंजिनाचा आवाज सगळ्या चॅनेलवर जात राहतो, बाकी कोणालाच बोलता येत नाही, आणि तुम्हाला मात्र सगळं शांत वाटत असतं. टायमर असेल तर मिनिटभरात संच स्वतःच गप्प होतो.

तुम्ही कुठे आहात ते नकाशावर आपोआप दिसावं यासाठी एपीआरएस आहे, अमेरिकेत 144.39 मेगाहर्ट्झवर. बॉब ब्रुनिंगा यांनी ती पद्धत उभी केली, 2022 मध्ये ते गेले. नेट कंट्रोलला सगळे मोटारसायकलवाले पडद्यावर सरकताना दिसले की "मोटो थ्री, कुठे आहात?" हा प्रश्नच उरत नाही, आणि त्यामुळे चॅनेल मोकळा राहतो. पण दरीत शिरलात की तुमचा ठिपका तोंडाशीच थांबतो, म्हणून तोंडी ठिकाण सांगायची सवय सोडू नका.

या सगळ्या सामानापेक्षा एका गोष्टीला मी जास्त किंमत देतो. राईडच्या आधी एखाद्या रविवारी पूर्ण मार्ग स्वतः करून या, नेमका तोच संच आणि तीच अँटेना घेऊन. दर काही मैलांवर थांबून रिपीटर उघडतो का पाहा आणि मार्गाच्या कागदावर खुणा करा: इथे लागतो, इथे नाही, इथून दोनशे फूट मागे गेलं की लागतो. लोमा प्रिएटासारख्या उंच माथ्यांवरून या भागातल्या रिपीटरांचा आवाका मोठा असला तरी डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला, खोल ओहोळांत, सावली पडतेच. दाट रेडवूडमध्ये 70 सेंटीमीटरच्या पट्ट्यापेक्षा 2 मीटरचा पट्टा बरा चालतो. या खुणांवरून दोन-तीन जागा अशा निघतात की जिथे उभं राहिलं तर दरीतलाही ऐकू येतो आणि रिपीटरही. राईडच्या दिवशी एखादा मोटारसायकलवाला तिथे नुसता उभा करायचा, निरोप पुढे देण्यासाठी. ट्युनिटासच्या वर स्कायलाईनवर अशी जागा आहे. कंटाळवाणं काम आहे, कोणी मागून घेत नाही, आणि त्याच्याशिवाय खालचे सगळे मुके असतात. एखाद्याकडे दोन पट्ट्यांत फेरप्रक्षेपण करणारा संच बसवलेली मोटार असेल तर ती त्या जागी लावली की हे काम यंत्रावर सोपवता येतं.

टॉप बॉक्समध्ये काय, तर पाणी, सायकलच्या दोन-तीन ट्यूब, पंप, चेनच्या जोडकड्या, प्रथमोपचाराची पेटी, एक जादा हातसंच आणि छापील नकाशा. पेट्रोलची टाकी सुरुवातीलाच भरा. त्या डोंगरांत पंप शोधत फिरणारा मोटो थ्री कोणाच्याच कामाचा नाही.

पैशाचं एक. हॅम रेडिओवरून कोणत्याही मोबदल्यासाठी काम करता येत नाही, आणि ज्यात तुमचा किंवा तुमच्या मालकाचा आर्थिक फायदा आहे असा निरोपही देता येत नाही. त्या संस्थेत तुम्ही पगारावर असाल तर तिच्या राईडला रेडिओ हातात घेऊ नका. दुपारचं जेवण आणि टी-शर्टवर कोणी बोट ठेवत नाही. पेट्रोलचे पैसे काही आयोजक प्रेमाने देऊ करतात, मी घेत नाही. त्यांना सांगतो की तेवढे देणगीत घाला. इथे बाईक एमएस, टूर दे क्युअर अशा मोठ्या राईड वर्षानुवर्षं हॅम स्वयंसेवकांच्या मदतीने चालत आल्या आहेत, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात तर मोटरसायकलिंग ॲमॅच्युअर रेडिओ क्लब हा गट हेच काम करतो. तुमच्या क्लबमधल्या कोणी यांपैकी कुठे काम केलं असेल तर त्याला पकडा. पहिल्या राईडला मोटो मागू नका. सॅगच्या व्हॅनमध्ये रेडिओवाला म्हणून शेजारी बसा आणि दिवसभर नेट ऐका. कोणाचं बोलणं पटकन कळतं आणि कोणाचं तीनदा विचारावं लागतं, हे तुम्हाला दुपारपर्यंत समजलेलं असेल.

पुण्याचं. तुमचं अमेरिकन लायसन्स खिशात घेऊन भारतात उतरलात म्हणून तिथे बोलता येत नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून वेगळा परवाना लागतो आणि संच बरोबर न्यायचा तर आयातीचीही परवानगी लागते. शिवाय पट्टे वेगळे आहेत. इथे 2 मीटर म्हणजे 144 ते 148 मेगाहर्ट्झ, भारतात 144 ते 146. तुमच्या संचात साठवलेली 146.52 ही इथली नेहमीची हाकेची फ्रीक्वेन्सी तिथे हॅमच्या पट्ट्याबाहेर पडते. 70 सेंटीमीटरला इथे 420 ते 450, तिथे 434 ते 438.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या व्यक्तीचे निरोप पोचवण्यावर भारतात बरीच बंधनं आहेत. मोकळीक आहे ती मुख्यतः आपत्तीत, नेहमीची संपर्कसाधनं बंद पडल्यावर. 2001 च्या भूज भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानात हॅम लोकांनी केलेलं काम त्या मोकळिकीतलं. राईडसारख्या कार्यक्रमाला हॅमची मदत घेण्याचा प्रघात तिथे अगदीच नाही असं नाही, ऐंशीच्या दशकात हिमालयन रॅलीचा संपर्क हॅम मंडळींनी सांभाळला होता. पण गृहीत धरून चालू नका. मित्रांनी स्थानिक हॅम क्लबला धरून, लेखी परवानगी घेऊन पुढे जावं. तोवर थांब्यावरच्या जवळपासच्या बोलण्यासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. संच मान्यताप्राप्त आणि त्याच पट्ट्यातला आहे ना ते घेण्याआधी तपासायचं, ऑनलाईन मिळणारे स्वस्त संच बऱ्याचदा तसे नसतात. ताम्हिणीच्या वळणांत ते फार लांब जाणार नाहीत.

एक काम मात्र त्यांना आजच करता येईल, त्याला कुठलाच परवाना लागत नाही. मुळशीपासून घाट उतरेपर्यंत कोणत्या कंपनीचा फोन कुठे लागतो, कुठे जातो, याचा कागद तयार करायचा, आणि मार्गाला स्वतःचे मैलाचे, म्हणजे तिथे किलोमीटरचे, आकडे देऊन प्रत्येक सायकलस्वाराच्या हातात ठेवायचा. म्हणजे पुढे रेडिओ आला तरी तोच कागद कामी येईल. तुमची राईड कधी आहे आणि मार्ग कोणता ते कळवा. स्कायलाईनवरच्या निरोपाच्या जागांच्या खुणा माझ्याकडे आहेत, त्या पाठवतो.